पैसे घेतलेल्या लेखाची पट्टी

गेल्या रविवारी भाची घरी आली ती मोबाईल हातात धरूनच. चपला काढायच्या आधी म्हणाली, "मामा, मला चाळीस डॉलर मिळणारायत. मी हो म्हणतो त्यांना." (बाहेरगावच्या वाचकांसाठी: कोल्हापूरच्या पोरी 'येतो-जातो' असंच बोलतात. माझी लिहिण्यात चूक झालेली नाही.)

ती तीन वर्षं एक ब्लॉग लिहिते. सगळा आजीच्या हातच्या पदार्थांचा: पांढऱ्या रश्श्यात खसखस किती, खर्डा मिक्सरमधून का काढायचा नाही, मिसळीचा कट वेगळा कसा ठेवायचा. मी दिवसा मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री, बारा वर्षं झाली, पन्हाळा-गगनबावडा-दाजीपूर असल्या भटकंतीवर ब्लॉग लिहितो. म्हणून ती माझ्याकडे आली. चहा होईपर्यंत मी तो मेल वाचला. इंग्रजीत होता, मतलब असा: तुमचा ब्लॉग आम्हाला फार आवडला. आमच्याकडे ८०० शब्दांचा लेख तयार आहे, तो तुम्ही लावायचा. त्यात एक डू-फॉलो लिंक असेल. 'स्पॉन्सर्ड' असा शिक्का नको. लेख कायमचा राहिला पाहिजे. लेख लागल्यावर पंधरा दिवसांनी पैसे.

"तुझा ब्लॉग मराठीत आहे, लेख इंग्रजीत आहे. आवडला म्हणजे काय वाचलं त्यांनी?" मी विचारलं.

ती गप्प. मग म्हणाली, "पण चाळीस डॉलर आहेत की."

आहेत. पण या मेलमध्ये ते लोक नेमकं काय विकत मागतायत हे कळल्याशिवाय चाळीस जास्त की कमी हे ठरत नाही. तेच तिला समजावलं, आणि असे मेल बऱ्याच जणांना येतात म्हणून इथं लिहून ठेवतोय.

ब्लॉगवरून पैसे यायच्या वाटा ढोबळमानाने तीन. पहिली, गूगलसारख्या कंपनीला पानावर जागा द्यायची. ती कुठली जाहिरात लावते त्यावर आपला फारसा ताबा नसतो आणि वाचक हजारोंनी असल्याशिवाय हातात चहापाण्यापुरतेच येतात. दुसरी, एखाद्या वस्तूची लिंक द्यायची आणि कुणी तिथून खरेदी केली की दलाली घ्यायची. तिसरी म्हणजे स्पॉन्सर्ड पोस्ट, प्रायोजित लेख: कुणीतरी पैसे देतो आणि त्याच्याबद्दल किंवा त्याच्यासाठी लेख लागतो. हे काही काल निघालेलं नाही. अमेरिकेत २००६ साली 'पे पर पोस्ट' नावाची कंपनी याच कामासाठी निघाली आणि 'वाचकाला न सांगता पैसे घेऊन लिहिणं बरं का' यावरून तेव्हाच गदारोळ झाला. आपल्याकडच्या पेपरांत नव्या शोरूमच्या उद्घाटनाची बातमी 'वाणिज्य प्रतिनिधी'च्या नावाने यायची, तोच वाण.

आता मुख्य मुद्दा. प्रायोजित लेख या एकाच नावाखाली दोन वेगळे माल विकले जातात. एक म्हणजे तुमचे वाचक, त्यांचं लक्ष आणि त्यांचा तुमच्यावरचा विश्वास. दुसरा म्हणजे तुमच्या पानावरची लिंक, म्हणजे निळ्या अक्षरातले ते दोन-तीन शब्द. पहिल्या मालाचं गिऱ्हाईक बहुतेक वेळा कोल्हापुरातलंच असतं, फोन करतं, समोर बसतं. दुसऱ्याचं गिऱ्हाईक मेल करतं, आणि तुमचा ब्लॉग एकाही माणसाने वाचला नाही तरी त्याचं काही अडत नाही. त्याला माणूस नकोय, त्याला गूगल हवंय.

हे कसं, ते तालमीवरून सांगतो. समजा गंगावेशीत एखादं नवं पोरगं आलं. ते कसं लढतं हे बाहेरच्याला ठाऊक नाही. पण एखाद्या नावाजलेल्या वस्तादाने म्हटलं, "पोरात दम हाय," की खासबागेच्या कुस्त्या जोडणारा माणूस कान देतो. दहा चहावाल्यांनी म्हटलं तर तेवढा देत नाही. आणि त्या वस्तादाला स्वतःला किती लोक मानतात यावर त्याच्या शब्दाचं वजन ठरतं. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरच्या पानांना हाच न्याय लावला. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे शिफारस केली, आणि शिफारस करणाऱ्या पानाची स्वतःची पत जितकी मोठी तितकं तिचं वजन जास्त. या हिशेबाला त्यांनी पेजरँक म्हटलं आणि त्यावर गूगल उभं राहिलं. आज गूगल इतर शेकडो गोष्टी बघतं, पण लिंकची किंमत संपलेली नाही.

जिथं शिफारशीला किंमत आली तिथं शिफारस विकायला निघणारच. वस्तादाला पैसे दे, तो तुझ्या पोराचं नाव घेईल. भाचीला आलेला मेल म्हणजे एवढंच. 'डू-फॉलो' म्हणजे गूगलने ही शिफारस खरी धरावी अशी लिंक. 'शिक्का नको' म्हणजे पैसे घेतलेत हे वाचकालाही कळू नये आणि गूगललाही. 'कायमचा' म्हणजे शिफारस मागे घ्यायची नाही. आणि ८०० शब्दांचा लेख? तो फक्त लिंक गुंडाळायचा कागद.

गूगलला हे अर्थातच चालत नाही. क्रमवारीसाठी लिंकांची खरेदी-विक्री त्यांच्या नियमांत स्पॅममध्ये मोडते. मात्र जाहिरातीची लिंक देणं गुन्हा नाही, फक्त ती तशी आहे हे सांगायचं. त्यासाठी २००५ साली 'नोफॉलो' ही खूण निघाली आणि २०१९ मध्ये खास पैसे घेतलेल्या लिंकसाठी 'स्पॉन्सर्ड' ही वेगळी खूण आली. ही खूण वाचकाला दिसत नाही, लिंकच्या मागच्या कोडमध्ये असते. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेवर लिंक घालताना जी चौकट उघडते तिच्यात नोफॉलोसाठी टिक करायला जागा असते. तेवढी टिक केली तरी गूगलला पुरतं. म्हणजे वस्तादाने सांगायचं, "पोराची ओळख करून देतोय, पण मानधन घेतलंय बरं का." मग कुणाची तक्रार नाही. पण लिंक घेणाऱ्याला नेमकी ती टिकच नको असते.

गूगल हे किती गंभीरपणे घेतं याचं एक गमतीदार उदाहरण आहे. २०१२ च्या जानेवारीत खुद्द गूगलच्याच क्रोम ब्राउझरच्या जाहिरात मोहिमेत ब्लॉगवाल्यांना पैसे देऊन लेख लिहून घेतले गेले, आणि त्यातल्या एका लेखातल्या लिंकवर नोफॉलो घालायचं राहून गेलं. बोभाटा झाला. गूगलने स्वतःच्या क्रोमच्या पानाला किमान ६० दिवसांसाठी निकालांत खाली ढकललं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये इंटरफ्लोरा या फुलवाल्या कंपनीवर कारवाई झाली आणि तिचे जाहिरातवजा लेख छापणाऱ्या स्थानिक पेपरांच्या साइट्सचीही पत घसरली. घेणारा आणि देणारा, दोघांनाही.

छोट्या ब्लॉगच्या बाबतीत बहुतेक वेळा गाजावाजा होत नाही. गूगल त्या लिंका नुसत्या मोजेनासं होतं. जास्त झालं तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगल साइटवाल्यांना जिथं कळवतं तिथं, 'मॅन्युअल ॲक्शन' (कारवाई) अशी नोंद येते आणि मग तुमचा खसखशीचा लेख, जो गेली तीन वर्षं पहिल्या पानावर यायचा, तो शोधून सापडत नाही. चाळीस डॉलरला हे विकायचं का, हा प्रश्न.

याच संदर्भात 'डीए' हे अक्षर ऐकू येईल. डोमेन अथॉरिटी. मॉझ नावाच्या कंपनीने काढलेलं १ ते १०० मधलं गुणांकन. मेलवाले त्यावरच भाव ठरवतात: वीसला इतके, चाळीसला तितके. हे गुण गूगलचे नाहीत, गूगल ते वापरतही नाही. आमच्या यार्डात हे रोज बघतो. गुजरातच्या गिऱ्हाइकाला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, पिवळाधमक लागतो, म्हणून काही गुऱ्हाळांत काहिलीत रंग उजळायची हायड्रॉस पावडर पडते. गूळ त्याने गोड होत नाही, पण सौद्यात बोली रंगावर लागते. घरी खायला मात्र अडत्या स्वतः तपकिरी ढेप बाजूला काढून ठेवतो. डीए म्हणजे रव्याचा रंग.

एवढं झाल्यावर भाचीने विचारलं, "म्हणजे लिहून पैसे घ्यायचेच नाहीत?"

घ्यायचे की. मी घेतो. पण मी पहिल्यांदा घेतले तेव्हा काय झालं ते ऐक म्हटलं.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्हाळ्याच्या वाटेवर एक शेतघर नवीन सुरू झालं होतं, जेवण आणि राहण्याची सोय. मालकाने ३,००० रुपये आणि घरच्यांना जेवण देऊ केलं. आम्ही मंगळवारी दुपारी गेलो. आम्ही सोडून तिथं कुणीच नव्हतं. चुलीवरची भाकरी एकेक करून ताटात येत होती, तांबडा रस्सा मागेल तेवढा, मालक स्वतः वाढायला. मी जे बघितलं तेच लिहिलं, एक शब्द खोटा नाही. फक्त पैसे घेतल्याचं लिहिलं नाही. मालक म्हणाला होता, "ते कशाला, उगाच लोकांच्या मनात येतं."

महिन्याभराने शेजारच्या दुकानातले दिवाणजी माझ्या टेबलाशी आले. वयाने मोठे, शांत माणूस. म्हणाले, "तुम्ही लिव्हलासा म्हणून रविवारी पोराबाळांना घेऊन गेलो की ओ." मी खुशीत विचारलं, कसं वाटलं? तर रविवारी तिथं दोनशे माणूस. दीड तास बाकावर बसून काढला, रस्सा संपला, पोरांना डाळभातावर भागवावं लागलं, आणि माणशी बिल सगळं मिळून त्यांच्या आठवड्याच्या बाजाराएवढं. हे सांगून ते जरा थांबले, रजिस्टरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही दिलासा काय हो जेवणाचे पैसे?"

मी दिले नव्हते. तसं सांगितलं. ते "हां" म्हणाले आणि गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या लेखात खोटं काही नव्हतं, पण एक गोष्ट नव्हती जी असती तर दिवाणजींनी तो वेगळ्या नजरेने वाचला असता. पैसे घेतल्याचं सांगणं हा नियमांचा विषय म्हणून पुढे लिहितोच, पण माझ्यासाठी तो आधी त्या बोटाचा विषय आहे.

आता नियम. जाहिरातदारांची स्वतःचीच संस्था, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, १९८५ पासून आहे. तिने २०२१ च्या मे महिन्यात सोशल मीडियावर पैसे घेऊन लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी नियम काढले: जाहिरात असेल तर तसा स्पष्ट शिक्का, वाचकाच्या सहज नजरेला पडेल अशा जागी. सरकारी बाजू त्याहून कडक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, अंमल २०२० च्या जुलैपासून. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आलं. त्या प्राधिकरणाने २०२२ च्या जूनमध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ च्या जानेवारीत खास इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी सोप्या भाषेतली पुस्तिका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पाठिंबा देणाऱ्याला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत, शिवाय १ ते ३ वर्षांपर्यंत जाहिरात करायला बंदी होऊ शकते. हजारभर वाचकांच्या ब्लॉगमागे कुणी दिल्लीहून येणार नाही हे मलाही कळतं. पण कायद्यात वाचकसंख्येची सूट नाही.

यातली समजून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जाहिरातदाराशी असलेला जो 'संबंध' वाचकाला सांगायचा, तो कशाला म्हणायचं. रोख पैसे तर आलेच. पण फुकट मिळालेली वस्तू, सवलत, बक्षीस, हॉटेलातला मुक्काम, सहल, एवढंच काय, घरचं किंवा नोकरीचं नातं, हे सगळं त्यात येतं. वस्तू देताना "लिहाच असं काही नाही" म्हटलं असलं तरी येतं. कोल्हापुरात ही अडचण जास्त, कारण इथं चार वाक्यं बोललं की कुणीही कुणाचा तरी पाव्हणा निघतो. मेव्हण्याच्या मिसळीच्या गाड्याचं कौतुक करायचं असेल तर करावं, पण गाडा मेव्हण्याचा आहे हे लेखात असावं. तेवढ्याने मिसळ बेचव होत नाही.

शिक्का कसा असावा? लेख ज्या भाषेत त्या भाषेत. मराठी लेखावर 'जाहिरात' हा शब्द, शीर्षकाखाली, पहिल्या परिच्छेदाच्या आधी. तळाला बारीक अक्षरात नको, दहा हॅशटॅगांच्या गर्दीत तर नकोच. 'सौजन्य', 'विशेष आभार', 'यांच्या प्रेमामुळे' असले शब्द मला पळवाटा वाटतात. वाचकाला त्यातून पैशाचा व्यवहार कळत नाही. मी 'जाहिरात' लिहून खाली एक ओळ घालतो: या लेखासाठी अमुक यांच्याकडून पैसे घेतले आहेत, मुक्काम त्यांच्या खर्चाने होता, मजकूर त्यांनी छापण्याआधी बदललेला नाही. लोक पळून जातील असं वाटायचं. तसं झालं नाही. उलट विचारणारे फोन जास्त येतात, कारण ज्या लेखांवर शिक्का नाही ते खरोखर स्वखर्चाचे आहेत हे आता लोकांना माहीत आहे.

भावाचं काय? इथं सगळा रुमालाखालचा सौदा. वडगावच्या जनावरांच्या बाजारात पूर्वी रुमालाआड बोटं दाबून भाव ठरायचे, शेजाऱ्याला पत्ता नाही. ब्लॉगवाल्यांचंही तेच, कुणी कुणाला आकडा सांगत नाही. त्यामुळे मी बाजारभाव सांगू शकत नाही, माझी पट्टी करून दाखवतो. पट्टी म्हणजे शेतकऱ्याचा गूळ विकल्यावर हमाली, तोलाई वगैरे वजा करून त्याच्या हातात किती पडले त्याचा कागद. त्या शेतघराच्या लेखाची पट्टी मी नंतर केली. जमा ३,०००. पेट्रोल ३५० वजा. जाण्यायेण्यात आणि तिथं मिळून ७ तास, फोटो निवडून उजळायला २, लिहायला ५, मालकाच्या दुरुस्त्यांना २. सोळा तासांचे २,६५० रुपये, म्हणजे तासाला १६५. आणि त्यात दिवाणजींचा विश्वास धरलेलाच नाही, कारण तो कुठल्या खात्यावर टाकायचा हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून मी आधी तास मोजतो, मग आकडा सांगतो. छोट्या ब्लॉगने वाचकसंख्येवर भाव मागू नये. संख्या कमीच असते आणि समोरचा ती रीलच्या व्ह्यूजशी ताडून बघतो. रील दोन दिवसांत वाहून जाते, पण 'पावसात पन्हाळ्याला कुठं राहायचं' असं कुणी चार वर्षांनी शोधलं तरी जुना लेख पुढे येतो. विकायचं ते हे, आणि बोलणी करताना सांगायचंही हेच. लेख अमुक वर्षं राहील असं सांगा, 'कायमचा' म्हणू नका. उद्या तुम्हीच ब्लॉग बंद केलात तर काय?

बाकी अटी फोनवर ठरल्या तरी लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायच्या, आणि समोरच्याचा 'ओके' येईपर्यंत गाडीला किक मारायची नाही. अर्धे पैसे आधी. दुरुस्ती एकदाच, तीही तपशिलांची: फोन नंबर, भाव, वेळ. "रस्सा जरा तेलकट होता" हे वाक्य काढा म्हटलं तर ते तपशिलात बसत नाही. फोटो त्यांना त्यांच्या फलकावर वापरायचे असतील तर वेगळे पैसे. हे शेवटचं बहुतेक जण विसरतात आणि मग आपण काढलेला फोटो रंकाळ्यावरच्या होर्डिंगवर बघतात.

करांविषयी दोनच गोष्टी नीट समजून घ्या, उरलेलं सीएला विचारा. पहिली: हे उत्पन्न आहे, 'छंदाचे पैसे' असं खातं प्राप्तिकरात नाही. विवरणपत्रात ते दाखवायचं, त्यासाठी केलेला खर्च वजा मागायचा, म्हणून पेट्रोलच्या पावत्या ठेवायच्या. कंपनीने पैसे देताना टीडीएस कापला तर तो आपल्या पॅनवर जमा होतो. कधी १ टक्का कापलेला दिसेल, कधी १० टक्के. ती हा व्यवहार जाहिरातीचं कंत्राट धरते की व्यावसायिक फी, यावर ते असतं. कापला म्हणजे गेला असं नाही, विवरणपत्रात हिशेबाला येतो.

दुसरी गोष्ट लोकांना खरी वाटत नाही: फुकटच्या वस्तूवरही कर आहे. १ जुलै २०२२ पासून तो आधीच कापायचा नियम आला. व्यवसायाच्या निमित्ताने एकाच देणाऱ्याकडून वर्षात २०,००० रुपयांच्या वर वस्तू किंवा सोय मिळाली तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर भरला गेल्याची खात्री करायची. समजा कंपनीने २५,००० चा मोबाईल लेखासाठी पाठवला. वापरून, लिहून परत केला तर प्रश्न नाही. ठेवून घेतला तर ती मिळकत झाली आणि २,५०० रुपये कर आधी भरावा लागतो, वस्तू रोख नसल्यामुळे कापायचा कुठून, म्हणून कंपनी ते तुमच्याकडे मागू शकते. हा नियम कंपन्यांना उलाढाल कितीही असली तरी लागू आहे, स्वतःच्या नावावर धंदा करणाऱ्या कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराला नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यात कलमांचे आकडे बदलले. म्हणून कलम पाठ करू नका. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचा नाही. आमच्यासारख्यांनी त्या आकड्याकडे दुरून बघून हात जोडावेत.

शेवटी कशाला नाही म्हणायचं. मेलमधला तो लेख मी भाचीला उघडायला लावला. इंग्रजी नावाचा अर्थ होता 'घरबसल्या विरंगुळा', आणि पाचव्या परिच्छेदात निळ्या अक्षरांत दडवलेली लिंक पैसे लावून खेळायच्या साइटची. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर जो कायदा केला त्यात खेळ चालवणाराच नाही, जाहिरात करणाराही सापडतो: २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चाळीस डॉलर म्हणजे किती रुपये हे तिने आधीच काढून ठेवलं होतं. तो आकडा आणि हा आकडा तिने मोबाईलवर शेजारी-शेजारी लिहिला आणि हसायला लागली.

शेअरच्या टिपा आणि औषधं, ही दोन दुकानंही बंद ठेवावीत. १९५४ पासून असा कायदा आहे की मधुमेह, कर्करोग अशा आजारांवर रामबाण म्हणून औषधाची जाहिरात करता येत नाही. काढा, चूर्ण, तेल सगळं त्यात येतं. आणि हे मला अगदी घरात येऊन भिडलं. एका ओळखीच्या सेंद्रिय गुळवाल्याने लेख मागितला, भावही चांगला देत होता. एकच वाक्य त्याला हवं होतं: 'मधुमेहींनाही चालतो'. मी म्हटलं, दादा, मी दिवसभर गुळातच बसतो. गुळात बहुतांश साखरच असते, रंग कुठलाही असो. तो म्हणाला, सगळे लिहितात. खरंच लिहितात. मी लिहिला नाही, आणि गेल्या पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला तो माझ्याकडे न बघता पुढं गेला.

भाचीने त्या मेलवाल्यांना दोन ओळींचं उत्तर पाठवलं: लेखावर 'जाहिरात' असं लिहीन, लिंकवर नोफॉलो असेल, आणि लेख मी स्वतः माझ्या विषयावर लिहीन. उत्तर आलं नाही, येणारही नव्हतं.

पण बुधवारी तिचा फोन आला. कागलकडच्या एका बचत गटाच्या बायकांनी तिचा पापडांवरचा लेख वाचला होता. त्यांना नाचणीच्या पापडांवर लेख हवा होता, पैसे देऊन. तिने त्यांच्याकडे जाऊन पापड लाटण्यापासून बघायचं ठरवलं, तास मोजले, एसटीचं भाडं धरलं, एक आकडा सांगितला. त्यांनी शंभर रुपये कमी केले, तिने पन्नास सोडले. आता ती माझ्याकडून बिलाचा नमुना मागत होती.

"मामा, बिल नंबर काय घालू?"

"एक घाल."

"एक बघून कळेल की, पहिलंच आहे म्हणून. दुकानदार एकशे एकपासून सुरू करतात, तूच सांगितलं होतंस."

"कळू दे की."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे तिची आई कुकर बंद करायला ओरडत होती.

"बरं," ती म्हणाली, "एक घालतो. पण तारीख उद्याची टाकतो, आज अमावस्या आहे."